पुलगावचा दारूगोळा आणि संसदेचे कुंपण : एक प्रकरण अभ्यास

मुंबई–नागपूर लोहमार्गावर वर्धा नदी ओलांडली की पुलगाव लागते. गावाला लागून केंद्रीय दारूगोळा भांडाराची हद्द सुरू होते. परिसरातील लोक त्याला साधे 'कॅम्प' किंवा 'डेपो' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी हे ठिकाण निवडले, कारण ते देशाच्या मध्यावर होते, सरहद्दीपासून दूर होते आणि रेल्वे दाराशी होती. लष्कराच्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांमध्ये त्याची गणना होते. कारखान्यांतून आलेला माल येथे उतरतो, साठवला जातो आणि येथूनच इतर भांडारांकडे व तुकड्यांकडे जातो. कुंपणापलीकडे देवळी तालुक्यातील कापूस, तूर आणि सोयाबीनची शेते आहेत. तेथील शेतकऱ्याला कुंपणाच्या आत काय आहे हे ढोबळमानाने ठाऊक असते. त्याचे वय किती, हे मात्र कोणी सांगत नाही.

31 मे 2016 च्या पहाटे, रात्री एकच्या सुमारास, या भांडारातील एका शेडला आग लागली. पेरणीपूर्व मशागतीचे दिवस होते आणि उकाड्यामुळे गावोगाव लोक अंगणात बाजा टाकून झोपले होते. स्फोटांनी आगरगाव, नागझरी या गावांतील घरे हादरली आणि लोकांना रातोरात हलवावे लागले. आग विझवायला पुढे गेलेल्यांपैकी अनेकजण परतलेच नाहीत. मृतांची संख्या अखेर 19 वर पोहोचली. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते आणि बहुसंख्य मृत भांडाराच्या अग्निशमन व सुरक्षा विभागांतील होते. त्याच दिवशी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर आणि लष्करप्रमुख जनरल दलबीर सिंग सुहाग पुलगावला पोहोचले. मंत्री आणि सेनापती एकाच जागी, एकाच राखेसमोर उभे असल्याचे ते दृश्य नागरी-लष्करी संबंधांच्या, म्हणजे निवडून आलेले सरकार आणि सेना यांच्यातील नात्याच्या, अभ्यासकाने नीट पाहावे असे आहे, कारण या दोघांच्या अधिकारांच्या मधोमध जी मोकळी जागा आहे, तिथेच ही आग लागली होती, असे माझे मत आहे.

प्राथमिक कारण म्हणून रणगाडाविरोधी सुरुंगांतून झिरपणाऱ्या टीएनटी या स्फोटकाकडे बोट दाखवले गेले. हा तांत्रिक भाग थोडा सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा राजकीय प्रश्न त्यातच दडलेला आहे. शुद्ध टीएनटी साधारण 80 अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे ते साठवणुकीस सुरक्षित मानले जाते. मात्र त्यात नायट्रेशनच्या, म्हणजे ते बनवण्याच्या रासायनिक, प्रक्रियेतून राहिलेली अशुद्ध संयुगे जास्त असतील, तर त्यांचे मिश्रण त्याहून बऱ्याच कमी तापमानाला तेलकट होऊन बाहेर पाझरू लागते. हा पाझर सुरुंगाच्या सांध्यांत, फटींत आणि खोक्यांच्या लाकडात मुरतो, आणि मूळ घट्ट स्फोटकाइतका तो शांत राहीलच, असे सांगता येत नाही. विदर्भातील उन्हाळ्यात सावलीतच पारा 45 अंशांपर्यंत जातो. पत्र्याखाली काय होत असेल, हे घरच्या माळ्यावर कापूस साठवणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. थोडक्यात, हा दारूगोळा शत्रूच्या कारवायांमुळे पेटलेला नव्हता. सदोष भरणी, काळ आणि उष्णता या तिघांनी मिळून त्याला त्या अवस्थेपर्यंत आणले होते, आणि या तिन्ही गोष्टी एका रात्रीत घडत नाहीत.

मग इतका काळ तो माल तेथे का राहिला? याचे उत्तर एखाद्या व्यक्तीच्या हलगर्जीपणात शोधण्याची आपल्याला सवय आहे. या प्रकरणात त्याआधी रचना पाहावी लागते. तेव्हाच्या व्यवस्थेत सुरुंग तयार करणारे आयुध कारखाने आयुध निर्माणी मंडळाच्या ताब्यात होते आणि ते मंडळ संरक्षण मंत्रालयाच्या संरक्षण उत्पादन विभागाखाली होते. मालाची गुणवत्ता तपासणारे महासंचालनालयही त्याच विभागाखाली होते, म्हणजे बनवणारा आणि तपासणारा एकाच सचिवाला उत्तरदायी होते. माल साठवणारे भांडार लष्कराच्या आयुध सेवा शाखेचे, म्हणजे वर्दीतल्या साखळीचे. साठ्यातला एखादा प्रकार दोषी ठरवायचा, तर तांत्रिक निर्णय लागतो. तो कारखान्याने परत घ्यायचा, तर दोष भरणीचा की साठवणुकीचा हा वाद मिटावा लागतो. आणि तो नष्ट करायचा, तर नुकसान खात्यातून कमी करण्यास वित्तीय अधिकाऱ्याची संमती लागते. प्रत्येक टेबलावर बसलेला माणूस आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर असू शकतो आणि तरीही सुरुंग शेडमध्ये पाझरत राहू शकतो. ग्रामपंचायतीची पडकी विहीर बुजवायला बांधकाम विभाग, पाणीपुरवठा विभाग आणि महसूल अशा तिघांच्या सह्या लागतात तेव्हा काय होते, ते ज्याने पाहिले आहे, त्याला ही यंत्रणा अनोळखी वाटणार नाही. फरक इतकाच की येथे विहिरीत स्फोटके होती.

आता संसदेकडे वळू. दारूगोळा हा विषय दिल्लीच्या राजकारणात 2012 साली मोठ्याने गाजला. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांनी मार्च 2012 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांना लिहिलेले पत्र फुटले. रणगाड्यांना पुरेसा दारूगोळा नाही आणि हवाई संरक्षणाची साधने कालबाह्य आहेत, असा त्याचा आशय होता. संसदेत गदारोळ झाला, पण त्यातला मोठा वाटा पत्र कोणी फोडले यावर खर्च झाला. पुढे 2014 मध्ये हेच व्ही. के. सिंग लोकसभेवर निवडून आले आणि राज्यमंत्री झाले. सेनापतीची तक्रार आणि सत्ताधाऱ्याची जबाबदारी अशा दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस दोन वर्षांच्या अंतराने बसला, तरी भांडारातील जुन्या मालाचा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला. व्यक्ती बदलल्याने हा प्रश्न का सुटत नाही, याचे यापेक्षा चांगले उदाहरण माझ्याजवळ नाही.

मे 2015 मध्ये दारूगोळा व्यवस्थापनावरील महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, अहवाल संसदेत मांडला गेला. लष्कराने तीव्र युद्धाच्या 40 दिवसांना पुरेल इतका राखीव साठा ठेवावा, असे प्रमाण आहे. तपासलेल्या 170 प्रकारांपैकी निम्म्या प्रकारांचा साठा दहा दिवसांनाही पुरणारा नव्हता, हा त्या अहवालातील आकडा सर्व वृत्तपत्रांनी छापला. जुलै 2017 मधील पाठपुराव्याच्या अहवालात 152 पैकी 61 प्रकार दहा दिवसांच्या खाली असल्याचे दिसले आणि पुन्हा तेच मथळे आले. याच अहवालांत भांडारांमधील अग्निशमन साधनसामग्रीच्या कमतरतेचा आणि त्यामुळे असलेल्या आगीच्या धोक्याचा उल्लेखही होता. पहिला अहवाल मांडला गेल्यानंतर पुलगावची आग लागायला एक वर्षाहून थोडा अधिक काळ गेला. त्या वर्षभरात अग्निशमनाच्या त्या नोंदीवर सार्वजनिक चर्चा झाल्याचे माझ्या वाचनात नाही. दहा दिवसांच्या आकड्यावर मात्र मी स्वतः वर्गात दोनदा बोललो होतो.

याला मी मोजण्याचा दोष म्हणतो. राजकीय वर्ग दारूगोळ्याकडे 'किती दिवस पुरेल' या मापाने पाहतो, कारण ते माप युद्धाचे आहे, सभेत सांगता येते आणि त्यावरून विरोधकाला कोंडीत पकडता येते. 'किती वर्षे जुना आहे' आणि 'कोणत्या अवस्थेत आहे' ही मापे भांडाराची आहेत. त्यांना टाळ्या मिळत नाहीत. शिवाय टंचाईचा गाजावाजा जसजसा वाढतो, तसतसे आहे तो साठा काढून टाकण्याचा निर्णय घेणे कोणत्याही अधिकाऱ्याला अवघड जाते. दहा दिवसांचाच साठा असल्याबद्दल ओरड चालू असताना हजारो सुरुंग बाद ठरवण्याच्या कागदावर सही कोण करील? टंचाईची चर्चा आणि सदोष साठा या दोन वेगळ्या अडचणी नाहीत. पहिली दुसरीला पोसू शकते. उत्तर म्हणून 2017 मध्ये लष्कराच्या उपप्रमुखांना तातडीच्या दारूगोळा खरेदीचे वाढीव अधिकार दिले गेले. ते आवश्यक होते, यात शंका नाही. पण खरेदीचा दरवाजा रुंद झाला आणि बाद मालाचा दरवाजा होता तेवढाच राहिला.

संसदेजवळ यावर लक्ष ठेवण्याचे साधन नाही, असे नाही. 1993 पासून विभागवार स्थायी समित्या आहेत आणि संरक्षणविषयक स्थायी समितीत लोकसभेचे 21 व राज्यसभेचे 10 असे 31 सदस्य असतात. ती अंदाजपत्रकातील मागण्या तपासते, सचिवांना आणि सेनाधिकाऱ्यांना बोलावते. पण लोकसभेच्या नियमावलीनुसार या समित्यांनी मंत्रालयाच्या दैनंदिन प्रशासनात लक्ष घालायचे नसते. हा नियम तत्त्वतः समंजस आहे. खासदारांनी शेड क्रमांकावरून अधिकाऱ्यांना हैराण करू नये. मात्र पाझरणाऱ्या सुरुंगाची नोंद कागदावर 'दैनंदिन प्रशासन' या सदरात मोडते, आणि ज्या दिवशी तो फुटतो, त्या दिवशी ती 'राष्ट्रीय सुरक्षा' या सदरात जाते. दोन्ही वेळी समितीच्या हाती काही लागत नाही.

समितीने जेव्हा नेटाने काम केले, तेव्हाचे चित्रही पाहावे. मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी हे निवृत्त लष्करी अधिकारी 2014 पासून या समितीचे अध्यक्ष होते. 13 मार्च 2018 रोजी मांडलेल्या अहवालांत लष्कराच्या उपप्रमुखांची साक्ष आहे. लष्कराची 68 टक्के साधने जुनाट वर्गात मोडतात आणि आधुनिकीकरणासाठी मिळालेल्या 21,338 कोटी रुपयांतून आधीच करार झालेल्या 125 योजनांची 29,033 कोटींची देणीही भागणार नाहीत, असे त्यांनी सांगितले. वर्दीतील अधिकाऱ्याने लोकप्रतिनिधींसमोर इतके स्पष्ट बोलणे हेच संसदीय नियंत्रणाचे खरे रूप आहे. दुसऱ्याच दिवशी, 14 मार्चला, लोकसभेने सर्व मंत्रालयांच्या मागण्या गिलोटिन लावून, म्हणजे चर्चेविना एकत्र, मंजूर केल्या. संरक्षणाची मागणीही त्यातच गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समितीच्या अध्यक्षपदी खंडुरींच्या जागी कलराज मिश्र आले, आणि या बदलाचा अर्थ राजकीय वर्तुळात ज्याने त्याने आपल्या सोयीने लावला. मला त्यापेक्षा 13 आणि 14 मार्च या दोन तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहणे अधिक बोलके वाटते.

लोकप्रतिनिधींनी सैनिकी कारभारापासून अंतर राखण्याची ही रीत आजची नाही, आणि तिच्या मुळाशी एका मराठी संरक्षणमंत्र्याचा काळ आहे. 1959 मध्ये लष्करप्रमुख जनरल थिमय्या आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यात वितुष्ट येऊन थिमय्यांनी राजीनामा दिला होता आणि नेहरूंच्या सांगण्यावरून तो मागे घेतला होता. 1962 च्या चीनविरुद्धच्या युद्धात पराभव होत असतानाच मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. मंत्र्याने सैनिकी कारभारात हात घातल्यामुळे पराभव झाला, असा धडा त्या पराभवातून काढला गेला. त्यानंतर एक अलिखित वाटणी रूढ झाली : पैसा, खरेदी आणि बढत्यांचे अंतिम कागद मंत्रालयाकडे, तर जे 'सैनिकी' म्हणून ठरेल ते सेनेकडे. यशवंतरावांनी सेनेचा विश्वास पुन्हा मिळवला, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. पण पराभवाची चौकशी लष्करानेच केली, तो हेंडरसन ब्रुक्स अहवाल गोपनीय राहिला आणि सप्टेंबर 1963 मध्ये लोकसभेला मंत्र्यांच्या निवेदनातून त्याचा गोषवारा तेवढा मिळाला. पुलगावच्या बाबतीतही लष्कराची कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. अशा चौकशीची कार्यवाही लष्करी नियमांखाली चालते, ती जाहीर होत नाही, आणि माहिती अधिकाराच्या कायद्यातही सुरक्षेचा अपवाद आहेच. अर्ध्या शतकाच्या अंतराने संसदेच्या हाती येणारी वस्तू तीच राहिली : मंत्र्याने सांगितलेला सारांश. सरहद्दीवरील डावपेचांसाठी ही पद्धत समजू शकते. देवळी तालुक्यातील पत्र्याच्या शेडसाठी ती का लागावी, हे मला अजूनही पटलेले नाही.

या प्रकरणाचा दुसरा अंक 20 नोव्हेंबर 2018 रोजी घडला, आणि तो पहिल्याहून अधिक अस्वस्थ करणारा आहे. सकाळी सातच्या सुमारास पुलगावच्या मुदतबाह्य दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर स्फोट होऊन सहा जण ठार झाले. माल जबलपूरजवळच्या खमरिया आयुध कारखान्याचा होता, जागा भांडाराची होती आणि खोकी उतरवण्याचे काम आसपासच्या गावांतील मजूर एका ठेकेदाराकडे रोजंदारीवर करीत होते. बाद माल बाहेर काढण्याचे काम उशिरा का होईना चालू होते. पण ते करणाऱ्या हातांची नोंद ना सेनेच्या साखळीत होती, ना कारखान्याच्या. नागरी-लष्करी संबंधांच्या पुस्तकात मंत्री, सचिव आणि सेनापती अशा तीन खुर्च्या असतात. सोयाबीन निघाल्यावर आणि कापसाच्या वेचणीतून चार दिवस काढून मजुरीला आलेल्या माणसाला त्या आकृतीत जागा नाही, जरी त्या दिवशी धोका त्याच्याच हातात होता.

त्यानंतर रचना बदलली. 1 ऑक्टोबर 2021 पासून आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याचे 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. विदर्भातील भद्रावतीजवळचा चांदा आणि भंडाऱ्याजवळचा जवाहरनगर हे कारखाने पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले, अंबाझरीचा नागपूरच्याच यंत्र इंडियाकडे. कामगार संघटनांनी संपाचा इशारा दिल्यावर जून 2021 मध्ये अत्यावश्यक संरक्षण सेवांचा अध्यादेश निघाला, आणि त्याचे विधेयक 3 ऑगस्टला लोकसभेत गोंधळातच संमत झाले. कंपनी झाल्यावर गुणवत्तेची जबाबदारी करारात लिहिली जाते, सदोष मालाचा दंड ठरतो. हा लाभ खरा आहे आणि पाझरणाऱ्या सुरुंगाचा वाद त्यामुळे पूर्वीपेक्षा लवकर मिटू शकेल. पण मंत्री आणि कारखाना यांच्यामध्ये आता एक संचालक मंडळ आले. 24 जानेवारी 2025 रोजी जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट होऊन आठ कामगार दगावले. तेव्हा उत्तर मंत्र्याने द्यायचे, कंपनीने द्यायचे, की दोघांनी एकमेकांकडे पाहायचे, हा प्रश्न नव्या रूपात समोर आला.

महालेखापरीक्षकांच्या अहवालांचेही तसेच झाले. 2017 च्या मथळ्यांनंतरच्या वर्षांत संरक्षणविषयक काही लेखापरीक्षण अहवाल संकेतस्थळावर ठेवणे जाणीवपूर्वक थांबवण्यात आले. ते संसदेत मांडले जातात, म्हणजे खासदाराला मिळतात. वर्ध्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला किंवा आगरगावच्या ग्रामपंचायत सदस्याला ते मिळवायला दिल्लीची ओळख लागते. शत्रूला आकडे कळू नयेत, हे कारण मी हलके समजत नाही. दिवसांचे आकडे झाकावेत. अग्निशमनाचे पंप किती आणि बाद माल किती वर्षे पडून, हे झाकल्याने कोणत्या शत्रूची अडचण होते, हे मात्र कोणी सांगितलेले नाही.

स्थानिक पातळीवर उरते ते असे. भांडाराभोवतालच्या जमिनीवर बांधकामाचे निर्बंध घालण्यासाठी आजही 1903 चा संरक्षण कामे कायदा आहे. त्यात निर्बंधांबरोबर नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. निर्बंधाची नोंद तलाठ्याच्या दप्तरापर्यंत पोहोचायला अडचण येत नाही, भरपाईच्या तरतुदीची माहिती मात्र क्वचितच त्या वाटेने येते. जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, त्यामुळे स्फोटानंतर गाव हलवण्याची जबाबदारी त्यांची. स्फोटापूर्वी आत काय ठेवले आहे, याची यादी मात्र त्यांच्या अखत्यारीत नाही. ग्रामसभेने ठराव केला, तर तो तहसीलदारामार्फत जिल्ह्याला जातो, जिल्हा तो भांडाराच्या कमांडंटकडे पाठवतो आणि कमांडंट तो आपल्या वरिष्ठ मुख्यालयाकडे. खासदाराने लोकसभेत प्रश्न विचारला, तर तो संरक्षण मंत्रालयातून फिरून पुन्हा त्याच मुख्यालयाकडे माहितीसाठी येतो. दोन वेगळ्या वाटांनी निघालेले दोन कागद शेवटी एकाच फाइलीत लागतात, आणि ती फाइल ज्या कार्यालयाने उत्तर लिहायचे, त्याच कार्यालयाच्या साठ्याबद्दल असते.

दरवर्षी हे प्रकरण मी वर्गात घेतो, तेव्हा पुलगावच्या बाजूने येणारी मुले नकाशा काढताना सीमारेषेपेक्षा आधी कॅम्पचे कुंपण काढतात. यंदा एका मुलीने त्या कुंपणाच्या बाहेरच्या बाजूने आपले शेत दाखवले आणि विचारले की आत जे सुरुंग उरले असतील, त्यांची तपासणी आता किती वर्षांनी होते. मी तिला तो प्रश्न लिहून खासदारांच्या कार्यालयात द्यायला सांगितले, आणि त्यात 'साठा किती' हा शब्द न घालता 'तपासणी केव्हा' असे लिहायला सांगितले.